भोपळा नेमका कोणता? एका शब्दाचा प्रवास

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग जोडला आहे.)



विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानमालेत शिवकाल येतो, पेशवाई येते, गेल्या वेळी रेल्वे आली होती. आज भोपळा! पण तासाभराने तुम्हीच ठरवा, विषय हलका होता की जड.

सुरुवात एका फजितीने करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी कामासाठी दिल्लीत राहात होतो. दिवाळीच्या आधीचे दिवस, सीताफळांचा मोसम. भाजीवाल्याकडे गेलो आणि ऐटीत म्हटलं, ‘भैया, एक किलो सीताफल देना, अच्छा पका हुआ.’ त्याने मोठा सुरा काढला, शेजारच्या लाल भोपळ्याची एक भली मोठी फोड कापली आणि तागडीत टाकली. मी म्हणतोय हे नको, सीताफल. तो म्हणतोय हेच तर सीताफल. शेवटी मागच्या बाईंनी उलगडा केला. दिल्लीकडे सीताफल म्हणजे लाल भोपळा. आपलं सीताफळ हवं असेल तर ‘शरीफा’ मागायचा.

गंमत अशी, की ही दोन्ही फळं मूळची अमेरिका खंडातली. सीताफळही तिकडचं, लाल भोपळाही तिकडचा. आणि दोघांनाही आपण नाव दिलं ते सीतामाईचं. म्हणजे जिने वनवास भोगला तिच्या काळात ही दोन्ही झाडं या देशात नव्हतीच. तरीही नाव इतकं घरचं, की शंका घ्यायला जागाच राहात नाही.

आता दुसरी फजिती, आणि ही जास्त टोचणारी. एका दिवाळी अंकासाठी मी जुन्या खाद्यसंस्कृतीवर लेख लिहिला होता. त्यात ठणकावून लिहिलं, की आपल्याकडे लाल भोपळा दोन हजार वर्षांपासून खाल्ला जातो. पुरावा काय? आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘कूष्मांड’ येतो आणि मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात कूष्मांडाच्या अर्थात ‘पम्पकिन’ हा शब्द आहे. पम्पकिन म्हणजे लाल भोपळा. झालं, सिद्ध!

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांत एक पोस्टकार्ड आलं. शेतीशाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांचं. त्यांनी अगदी सौम्य भाषेत कळवलं होतं, की कूष्मांड म्हणजे आपला पांढरा कोहळा, लाल भोपळा अमेरिकेतून आला, आणि कोशात त्या अर्थापुढे कंसात शास्त्रीय नाव दिलेलं आहे ते कृपया पाहावं. मी कोश पुन्हा उघडला. खरंच होतं. ‘बेनिनकासा’ असं स्पष्ट छापलेलं होतं, म्हणजे कोहळा. मी कंसापर्यंत वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला. ज्या शब्दाने मला फसवलं तो ‘पम्पकिन’ आहे तरी कोण? त्याचं गाव कोणतं? आणि नावावरून वस्तूचा इतिहास सांगता येतो का? आजचं बोलणं एवढ्यापुरतंच आहे.

पिकलेला तो पेपोन

पम्पकिन हा शब्द इंग्रजी वाटतो, पण त्याचं मूळ ग्रीक आहे. ग्रीकमध्ये ‘पेपोन’ असा शब्द होता. त्याचा मूळ अर्थ फळ नव्हे, भाजी नव्हे. अर्थ फक्त ‘पिकलेला’. उन्हाने शिजून मऊ झालेला. काकडी आपण कोवळी खातो, पण तिच्याच गोतातली काही फळं पूर्ण पिकल्यावरच खायची असतात, जसं खरबूज. अशा फळाला ग्रीक लोक ‘पिकलेली काकडी’ म्हणत. पुढे त्यातली काकडी गळाली आणि नुसता ‘पिकलेला’ उरला. आपण नाही का, ‘एक हापूस द्या’ म्हणतो, ‘आंबा’ म्हणायची गरज पडत नाही? तसंच.

याच शब्दाचा दुसरा एक उपयोग होमरमध्ये आहे. इलियडमध्ये एक वीर दुसऱ्याला प्रेमाने ‘अरे पेपोन’ अशी हाक मारतो, म्हणजे ‘अरे माझ्या लाडक्या’. आणि त्याच काव्यात हाच शब्द शिवी म्हणूनही येतो, म्हणजे ‘मऊ पडलेल्यांनो, भित्र्यांनो’. पिकलेलं ते मऊ. मऊ ते लाडकंही आणि लेचंपेचंही. आज अमेरिकेत आई लहान मुलाला लाडाने ‘पम्पकिन’ म्हणते, तेव्हा तिला होमर ठाऊक असण्याचं कारण नाही. पण योगायोग छान आहे.

बायबलच्या जुन्या करारात इजिप्त सोडून वाळवंटात भटकणारे लोक तक्रार करतात, की तिथे काकड्या आणि टरबुजं खायला मिळायची, इथे काहीच नाही. या मजकुराचं जुनं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा टरबूज-खरबुजाच्या जागी शब्द वापरला गेला तो हाच, पेपोन. इथे एक गाठ मारून ठेवा. ग्रीकांचा पेपोन म्हणजे खरबूज-टरबुजाच्या जातीचं फळ. भोपळा नव्हे. ग्रीसमध्ये पम्पकिन नव्हताच.

स्वयंपाकाचा चुलतभाऊ

आता मराठी माणसाने कान टवकारावेत असं काही सांगतो. ग्रीकमधला ‘पेप्’ हा धातू शिजणे, पिकणे, पचणे या अर्थाचा. डॉक्टर ‘पेप्टिक अल्सर’ म्हणतात, ‘पेप्सिन’ म्हणतात, तो हाच पचनाचा धातू. आणि संस्कृतात काय आहे? ‘पच्’. त्यावरून पचन, पाक, पक्व, पक्वान्न. ‘पक्व’वरून प्राकृतातून खाली येत आपलं ‘पिकणे’, ‘पिकलेला’, ‘पक्का’. स्वयंपाक या शब्दातला ‘पाक’ तोच. उत्तरेकडच्या पकोड्यातला ‘पक’ही तोच. लॅटिनमध्ये हाच धातू ‘कोक्वेरे’ असा झाला आणि त्याच्यापासून इंग्रजीतले ‘कुक’ आणि ‘किचन’ आले.

म्हणजे स्वयंपाक, कुक आणि पम्पकिन हे तिघे एकाच घराण्यातले. एकाच मूळ ध्वनीचं ग्रीकमध्ये ‘प’ झालं, संस्कृतात ‘च’ किंवा ‘क’ झालं. हे मनाला येईल तसं जुळवलेलं नाही. असे बदल शेकडो शब्दांत नियमाने दिसतात, म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ त्यावर विश्वास ठेवतात.

पण इथेच पाय घसरतो, म्हणून थांबून सांगतो. याचा अर्थ ग्रीकांनी शब्द संस्कृतातून घेतला असा होत नाही. दोन चुलतभावांची नाकं सारखी असतात ती एकाने दुसऱ्याकडून उसनी आणली म्हणून नव्हे, आजोबांचं नाक तसं होतं म्हणून. संस्कृत आणि ग्रीक यांच्या मागे एक जुनी भाषा आहे, तिच्यातला धातू दोघांच्या वाट्याला आला. आणि वाट्याला आला तो ‘शिजणे, पिकणे’ हा धातू. भोपळा नव्हे! धातू भारतात होता म्हणून भोपळाही होता, असं म्हटलं तर मी दिवाळी अंकात केली तीच चूक पुन्हा होईल.

पेपोनचा पम्पकिन कसा झाला

ग्रीकांकडून शब्द रोमनांनी घेतला. लॅटिनमध्ये तो ‘पेपो’, आणि विभक्ती लागली की ‘पेपोनेम’. तिथून फ्रेंचमध्ये ‘पेपोन’, मग बोलता बोलता त्यात अनुनासिक शिरलं आणि ‘पोंपोन’ झाला. फ्रेंचांकडून सोळाव्या शतकात तो इंग्लंडात गेला, ‘पम्पियन’ म्हणून. शेक्सपियरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकात जाड्या फॉल्स्टाफला उद्देशून हा शब्द येतो, तो अजून ‘पम्पियन’च आहे. १५९७ साली जॉन जेरार्डचा वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात ‘मेलन’ आणि ‘पम्पियन’ हे दोन्ही शब्द एकाच प्रकरणाच्या मथळ्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत. म्हणजे तोवर खरबूज आणि भोपळा यांची नावं नीट वेगळी झाली नव्हती.

सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘पम्पियन’चा ‘पम्पकिन’ झाला. हे ‘किन’ कुठून आलं? इंग्रजीत लहानपणा दाखवायला ‘किन’ लावतात. कोकराला ‘लॅम्बकिन’, तसं. ‘पम्पियन’चा शेवट लोकांच्या कानाला अनोळखी होता, त्यांनी ओळखीचा शेवट चिकटवून दिला. आपणही परके शब्द असेच घरच्या साच्यात बसवतो, नाही का? पण विनोद पाहा. आज शेतकी प्रदर्शनांतून या फळाचं वजन हजार किलोच्या पुढे जातं, आणि नावाचा शेवट म्हणतो, ‘इवलासा’.

फळाचं गाव वेगळंच

आतापर्यंत मी शब्दाचा प्रवास सांगितला. फळाचा अजून सांगितलाच नाही. कारण हे दोन प्रवास वेगळे आहेत, आणि आजच्या व्याख्यानाचं खरं मर्म तेच आहे.

मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचा प्रदेश आहे. तिथल्या ‘गिला नाकित्स’ या गुहेत उत्खननात भोपळ्याच्या बिया सापडल्या. १९९७ साली त्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या सुमारे दहा हजार वर्षं जुन्या आहेत आणि आकारावरून त्या रानटी नव्हेत, माणसाने लावलेल्या वेलांच्या आहेत. म्हणजे तिथल्या माणसांनी मक्याच्याही आधी भोपळा जोपासला.

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लागवडीची रीत होती. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायचे. मक्याचा दांडा घेवड्याला आधार देतो, घेवडा जमिनीत नत्र भरतो आणि भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून ओल टिकवतात, तण दाबतात. त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला मिश्र पीक समजावून सांगावं लागत नाही, त्याला हे लगेच पटेल.

या लोकांचे या फळासाठी स्वतःचे शब्द होते. त्यांतला एक इंग्रजीत शिल्लक आहे, ‘स्क्वॉश’. नॅरागॅन्सेट भाषेत ‘अस्कुटास्क्वॅश’ असा लांबलचक शब्द होता. १६४३ साली रॉजर विल्यम्सने त्या भाषेवर पुस्तक लिहिलं, त्यात तो नोंदवला आहे. त्याचा अर्थ ‘हिरवं, कच्चं खातात ते’. बघा, ग्रीक नावाचा अर्थ ‘पिकलेलं’ आणि अमेरिकेतल्या मूळ नावाचा अर्थ ‘कच्चं’, आणि दोन्ही नावं आज एकाच गोतातल्या फळांना चिकटलेली आहेत.

मग हे फळ युरोपियनांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला काय म्हटलं? १४९२ साली कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याने लावलेली शेतं पाहिली आणि रोजनिशीत ‘कालाबासा’ असं लिहिलं. हा स्पेनमधला जुना शब्द, आपल्या दुधी भोपळ्याच्या जातीसाठीचा. नवी वस्तू समोर आली, की माणूस आधी जुन्या शब्दांची पिशवी चाचपतो. त्यातला जवळचा शब्द काढून लावतो.

फ्रान्सच्या ॲन राणीसाठी १५०३ ते १५०८च्या दरम्यान एक सचित्र प्रार्थनाग्रंथ तयार झाला. त्याच्या समासात अमेरिकेतल्या या वेलीचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, ‘तुर्कस्तानचा भोपळा’! १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाने उत्तम चित्र छापलं, नाव दिलं ‘तुर्की काकडी’. तुर्कस्तान का? तर त्या काळी दुरून, परक्या देशातून आलेलं काहीही असलं, की ते तुर्की. मक्यालाही ते तुर्की धान्य म्हणत. हे वाचून उद्या कुणी सिद्ध करू लागला, की भोपळा तुर्कस्तानातला, तर आपण हसू. पण मी कूष्मांडावरून तेच केलं होतं.

मालक बाहेर, भाडेकरू आत

आता बिचाऱ्या दुधी भोपळ्याची कहाणी ऐका.

दुधी भोपळा हा जुन्या जगातला, मूळ आफ्रिकेतला. सुकला की टणक, पोकळ आणि तरंगणारा. इतका तरंगणारा, की अटलांटिक महासागर ओलांडून तो माणसाच्या मदतीशिवाय अमेरिकेत पोहोचला असावा, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. रोमन लोक त्याला ‘कुकुर्बिता’ म्हणत. इंग्रजी ‘गोर्ड’ आणि जर्मन ‘क्युर्बिस’ हे त्याच शब्दाचे वंशज. सम्राट क्लॉडियस इसवी सन ५४ मध्ये वारला तेव्हा सेनेकाच्या नावावर असलेलं एक विडंबन लिहिलं गेलं: सम्राट मेल्यावर देव व्हायचा, त्याऐवजी भोपळा झाला, अशी खिल्ली. इंग्रजीत त्याचं नाव ‘पम्पकिनिफिकेशन’ म्हणून गाजलं. पण रोममध्ये पम्पकिन होताच कुठे? अर्थ घ्यायचा तर तो पोकळ दुधी भोपळा.

१७५३ साली लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली. त्याने ‘कुकुर्बिता’ या एकाच कुळनावाखाली दोघांनाही बसवलं, दुधी भोपळा आणि पम्पकिन. पम्पकिनला नाव दिलं ‘कुकुर्बिता पेपो’. दोन्ही शब्द जुन्या जगातले. एक दुधीचा, एक खरबुजाचा. आणि फळ अमेरिकेचं. पुढे १८२५ साली सेरांज याने ठरवलं, की हे दोघे वेगळे आहेत, यांना एका घरात ठेवता येणार नाही. मग बाहेर कोण गेलं? दुधी! त्याला नवं नाव मिळालं ‘लाजेनारिया’, म्हणजे सुरईसारखा. दीड-दोन हजार वर्षं कुकुर्बिता हे ज्याचं नाव होतं तो घराबाहेर आणि अमेरिकेहून आलेला भाडेकरू मालक. आपल्या बाजारातला लाल भोपळा बहुतेक करून ‘कुकुर्बिता मोस्काटा’ असतो. तोही त्याच घरात.

आपल्याकडे काय झालं

आपल्याकडे पोर्तुगीज आले १४९८ साली, गोवा घेतला १५१० साली. त्यांच्या जहाजांच्या येण्याजाण्यातून मिरची, काजू, अननस, मका अशी अमेरिकेतली मंडळी आली, त्यांतच लाल भोपळा. इथे भोपळ्यासारखी दोन जुनी फळं आधीच नांदत होती. एक दुधी, संस्कृतात ‘अलाबू’. अथर्ववेदात तो येतो, भांडं म्हणून. साधूंचा तुंबा तो हाच, तंबोऱ्याचा भोपळाही हाच. मिरजेचे कारागीर जो वापरतात तो पंढरपूर भागात पिकतो. दुसरा कोहळा, म्हणजे कूष्मांड. वास्तुशांतीला दारात टांगतात तो, आणि आग्र्याचा पेठा होतो तोही.

मग नव्या पाहुण्याचं बारसं कसं झालं? चार तऱ्हांनी, आणि चारही भारतात आजही दिसतात.

पहिली तऱ्हा, जुन्या नावाला रंग लावायचा. लाल भोपळा, तांबडा भोपळा. नावाला रंग लावावा लागला याचाच अर्थ आधीचा भोपळा लाल नव्हता.

दुसरी तऱ्हा, शेजाऱ्याचं नाव सरळ उचलायचं. विदर्भात कोहळ्याची बोंडं करतात ती लाल भोपळ्याची. कोकणीत ‘दुदी’ म्हटलं की पुष्कळ घरांत लाल भोपळाच समजतात. उलट बिहारमध्ये छठपूजेच्या पहिल्या दिवशी ‘कद्दू-भात’ करतात, तिथे कद्दू म्हणजे दुधी. आणि बाकी हिंदी मुलखात कद्दू म्हणजे लाल भोपळा.

तिसरी तऱ्हा, पाहुण्याला थेट तीर्थक्षेत्राचं नाव द्यायचं. काशीफळ, गंगाफळ, दिल्लीचं सीताफल. समुद्र ओलांडून आलेल्याला आपण गंगेत न्हाऊ घातलं!

चौथी तऱ्हा सगळ्यांत प्रामाणिक. तमिळमध्ये त्याला ‘परंगिक्काय’ म्हणतात. परंगी म्हणजे फिरंगी, काय म्हणजे भाजीचं फळ. फिरंग्याची भाजी! बंगालीत ‘बिलाती कुमडा’ हेही नाव चालतं. जपानी लोक ‘काबोचा’ म्हणतात ते कंबोडियावरून, कारण सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं तिथून तो घेऊन आली. म्हणजे जपान्यांच्या नावातही मूळ गाव नाही, शेवटचं बंदर आहे. आपल्या ‘डांगर’ची तर तऱ्हाच और. मराठवाड्यात डांगर म्हणजे लाल भोपळा, काही घरांत डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा पापडाचा गोळा आणि गुजरातेत डांगर म्हणजे भात, साळी!

म्हातारी कोणत्या भोपळ्यात बसली?

लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन, जाडजूड होऊन भोपळ्यातून परतणारी म्हातारी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. बालवाडीच्या पुस्तकात चित्र असतं ते नारिंगी, फाका पडलेल्या लाल भोपळ्याचं. पण ही गोष्ट एकट्या मराठीची नाही. इराणमध्येही ती आहे, तिथे म्हातारी ‘कदू’मध्ये बसून गडगडत येते. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१०च्या ‘टुनटुनीर बोई’त ती लिहिली आणि तिथे म्हातारी बसते ‘लाऊ’मध्ये. लाऊ म्हणजे अलाबू, म्हणजे दुधी!

सुकवून कोरला की पोकळ, कठीण, आपटला तरी चट्‌कन न फुटणारा असा तोच भोपळा. आपल्याकडे पोरं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकायची तो हाच, आणि भ्रमाचा भोपळा फुटतो तोही मला हाच वाटतो, बाहेरून मोठा आणि आत रिकामा. लाल भोपळा आतून गराने भरलेला असतो. तर माझं अनुमान असं, की आपली म्हातारी आधी दुधी भोपळ्यातच बसली असावी. शब्द तोच राहिला, ‘भोपळा’; वस्तू बदलली; आणि चित्रकाराने बदललेली वस्तू काढली. गोष्ट खोटी झाली का? नाही. पण चित्र पुरावा होऊ शकत नाही.

ऋषीच्या भाजीत

शेवटी माझ्या आजीकडे येतो. आजी ऋषिपंचमी कडक पाळायची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्यांची ‘ऋषीची भाजी’. अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, लाल भोपळा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे. आजी म्हणायची, ऋषी हेच खायचे.

पोस्टकार्ड आल्यानंतरच्या भाद्रपदात मी जेवताना शहाणपणा केला. म्हटलं, आजी, यातला भोपळा आणि मका अमेरिकेतला आहे, कुठल्याही ऋषीने तो पाहिला नव्हता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘असू दे. माझ्या सासूने घातला, मी घालते. बैलाला सुटी मिळाली ना?’

मी त्यावर बराच विचार केला. माझी माहिती बरोबर होती आणि आजीचंही बरोबर होतं. तिच्या व्रताचा गाभा होता बैलाला विश्रांती, आणि परसात नांगराशिवाय जे येतं ते खाणं. भोपळ्याचा वेल त्या अटीत बसला म्हणून भाजीत शिरला. परंपरा जिवंत असते तेव्हा ती अशीच नव्या पाहुण्याला पंगतीत बसवते. बिघडतं कधी? ‘आम्ही घालतो’च्या जागी ‘पाच हजार वर्षांपासून घालतो’ असं छापायला लागतो तेव्हा. ते माझ्यासारखे लिहिणारे करतात, आजी करत नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सांगून थांबतो. जुना शब्द सापडला म्हणजे आजची वस्तू सापडली असं धरू नका. भाषांतरावर थांबू नका. कूष्मांड, पम्पकिन, लाल भोपळा अशा दोन उड्यांत माणूस दोन हजार वर्षं चुकतो. आणि कोश उघडलात तर कंसापर्यंत वाचा.

त्या मास्तरांना मी आभाराचं पत्र लिहिलं, पुढच्या अंकात दुरुस्तीही छापली. आज त्यांचं ते कार्ड माझ्या कोशात कूष्मांडाच्या पानावर ठेवलेलं आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: परीक्षेत शून्य मिळालं की ‘भोपळा मिळाला’ म्हणतात. तो कोणता भोपळा?

उत्तर: (हशा) तो सगळ्यांच्या ओळखीचा! तिथे फक्त आकार बघायचा. आकारावरून नाव देण्याची सवय आपल्याला आहेच. भोपळी मिरचीच बघा. मिरचीही अमेरिकेची, तिला उपमा दिली भोपळ्याची. पोट सुटलेली मिरची ती भोपळी.

प्रश्न: ‘कूष्मांड’ या शब्दाचा स्वतःचा अर्थ काय?

उत्तर: पारंपरिक फोड अशी करतात: कु, ऊष्म, अंड. कु म्हणजे थोडा, ऊष्म म्हणजे उष्णता, अंड म्हणजे अंडं, इथे बी. ज्याच्या बीत उष्णता कमी, तो. कोहळा थंड मानतात त्याच्याशी हे जुळतं. नवरात्रातल्या चौथ्या दुर्गेचं नाव कूष्मांडा आहे, तिथे या फोडीचा वेगळा, विश्वाच्या अंड्याशी जोडलेला अर्थ सांगतात. गंमत एवढीच, की ग्रीक पेपोन उन्हाने शिजलेला आणि आपला कूष्मांड उष्णता नसलेला. मी त्या दोघांना एकच समजून बसलो होतो.

प्रश्न: मग लाल भोपळा उपवासाला चालतो की नाही?

उत्तर: ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. इतिहास विचाराल तर साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळीच मंडळी मुळात समुद्रापलीकडची. त्यांना काढलं तर ताटात वरई, काकडी आणि दही उरेल. तेवढ्यावर भागत असेल तर माझी हरकत नाही.